हेरल्डच्या ट्रनियनला ग्रीस की तेल?

हेरल्ड_६८
राम राम मंडळी. बाबांची १९६८ सालची स्टँडर्ड हेरल्ड आहे, पिस्ता रंगाची. बाबा होते तोवर गाडी दर मंगळवारी अंबाबाईला जायची. नंतर सहा वर्षं कोल्हापूरला राजारामपुरीत बोळात कव्हरखाली उभी होती. गेल्या दिवाळीला परत रस्त्यावर काढली. इंजिन झालं, ब्रेक झाले, आता स्टेअरिंगवर येऊन अडलोय. वळण घेतल्यावर चाक सोडलं की स्टेअरिंग आपण होऊन सरळ यायला पाहिजे ना? येत नाही. वळवलंय तिथंच बसून राहतं. आणि उभ्या गाडीत वळवायचं म्हटलं तर अक्षरशः लोंबकळावं लागतं.

मेस्त्री म्हणाले, "खालच्या ट्रनियनला दाबून ग्रीस मारू, लोण्यागत फिरंल." (ट्रनियन म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं तो खालचा पितळी सांधा.) मी खूश. पण घरी बाबांच्या कपाटात गाडीचं हँडबुक सापडलं. त्यात खालच्या ट्रनियनसाठी ग्रीस लिहिलेलंच नाही. हायपॉइड गिअर ऑइल लिहिलंय, दर सहा हजार मैलांना. मेस्त्रींना नेऊन दाखवलं तर हसले. "पुस्तक लिवणाऱ्यानं गाडी चालवली न्हाई. तेल थांबतंय व्हय त्यात?"

मेस्त्रींचा हात पस्तीस वर्षांचा, पुस्तक त्याहून जुनं. मी कुणाचं ऐकू? ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी सांगा प्लीज.

कटवडा
दोन्ही घाला आणि वरनं तर्री.

पद्मिनीपती
आमची पद्मिनी १९८६ ची. पुढं किंगपिन, टायरॉड एंड (स्टेअरिंगच्या दांडीचं चाकाकडचं टोक), आयडलर, जिथं जिथं निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड दिसतं तिथं तिथं ग्रीस. दर दीड-दोन हजार किलोमीटरला आणि पावसाळा संपला की एकदा जास्तीचं. इतक्या वर्षांत किंगपिन फक्त एकदा बदलला. तेलाबिलाच्या भानगडीत पडू नका. हेरल्ड काय आभाळातनं पडलीय?

(सही केलेलं निवेदन: माझ्या लग्नापेक्षा पद्मिनीची देखभाल नियमित आहे असं घरच्यांचं म्हणणं आहे. आयडी त्यावरनंच घेतलाय.)

गप्पगार
टायरमध्ये हवा किती आहे ते बघितलं का आधी?

हेरल्ड_६८
@गप्पगार, बघितली. बरोबर आहे. पहिल्या दिवशीच बघितली हो, एवढा पण कच्चा नाही.

जुना_डेपोवाला
एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली, म्हणून चार शब्द. मोठ्या गाड्यांचा माणूस आहे, हेरल्डला हात लावलेला नाही हे आधीच सांगतो.

बाळ, तेल की ग्रीस हे नंतर. आधी जड काय झालंय ते शोधा. पुढची दोन्ही चाकं जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा (नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, आमच्या डेपोत एकाचा हात गेलाय). मग दोन्ही टायरॉड एंड सोडवा आणि एकेक चाक हातानं फिरवून बघा. चाक जड फिरलं तर दोष ट्रनियनमध्ये किंवा वरच्या बॉल जॉइंटमध्ये. चाक हलकं फिरतंय आणि स्टेअरिंग मात्र जड, तर रॅककडं, म्हणजे स्टेअरिंगच्या दातेरी दांडीकडं बघायचं. अर्ध्या तासाचं काम आहे, पण लोक हे न करता ग्रीस गन घेऊन सुटतात.

त्याच वेळी प्ले, म्हणजे सांध्यांतला खेळ पण बघून घ्या. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खडखडलं तर किंगपिन, बॉल जॉइंट, ट्रनियन किंवा बेअरिंग. आडवं धरून, म्हणजे घड्याळातल्या तीन आणि नऊवर हात ठेवून हलवलं आणि खेळ लागला तर टायरॉड एंड. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं, म्हणजे बेअरिंगचा खेळ त्यातनं वजा होतो.

आणि गन लावायच्या आधी निप्पल फडक्यानं पुसायचं. नवीन पोरं निप्पलवरच्या चिखलासकट ग्रीस मारायची. चिखल आत गेला की ती पॉलिश पेपरच झाली जॉइंटला. आमचे फोरमन पोराच्या खिशात फडकं दिसलं नाही तर गन काढून घ्यायचे.

पद्मिनीपती
काका, फडक्याचं एक नंबर. आणखी एक: निप्पल ग्रीस घेत नसेल तर?

जुना_डेपोवाला
आधी चाक उचला. गाडीचं वजन जॉइंटवर असताना ग्रीस जिथं पाहिजे तिथं शिरत नाही, जिकडं सैल तिकडनं बाहेर येतं. तरी घेत नसेल तर निप्पल काढून रॉकेल-डिझेलमध्ये धुवा, आतली गोळी तारेनं दाबून बघा. निप्पल साफ आणि तरी आत जात नसेल, तर भोकात वाळलेलं ग्रीस आहे. डिझेल सोडून रात्रभर ठेवायचं, सकाळी परत गन. घाईनं जोर लावायचा नाही. हातातल्या साध्या लिव्हर गनचा दाब काही हजार पीएसआयपर्यंत जातो. टायरॉड एंडचा रबर बूट असा फुग्यागत फुगून फाटलेला शेकड्यानं बघितलाय. बूट जरा फुगला की थांबायचं. तो फाटला की पाणी-धूळ आत, आणि जॉइंटचं आयुष्य संपलं.

ब्रिस्टलचा_कोल्हापुरी
धागा बघून राहवलं नाही. इथं माझ्याकडं ट्रायम्फची स्पिटफायर आहे (हेरल्डही मूळ ट्रायम्फचीच), पुढचा सांगाडा हेरल्डचाच. पुस्तक बरोबर आहे. तेल.

पद्मिनीपती, तुमचा किंगपिन आणि हेरल्डचं ट्रनियन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. किंगपिन गुळगुळीत पिन, बुशमध्ये फिरते. हेरल्डमध्ये वरती बॉल जॉइंट आहे, आणि खाली उभ्या पोलादी लिंकच्या टोकाला आटे पाडलेत. ते टोक पितळी ट्रनियनमध्ये स्क्रूसारखं बसतं. तुम्ही स्टेअरिंग वळवता तेव्हा लिंक त्या आट्यांत थोडी वर-खाली फिरते. म्हणून डावं-उजवं ट्रनियन वेगळं, एकाचे आटे उलटे. अदलाबदल चालत नाही.

आता या आट्यांच्या फटीतनं वंगण खालनं वरपर्यंत चढायला पाहिजे. तेल चढतं. घट्ट ग्रीस खालीच बसतं, वर्षा-दोन वर्षांत साबणाच्या वडीसारखं होतं आणि मग नवीन वंगणाची वाटच बंद करतं. वरच्या तोंडाला एक रबरी सील असतं, ते म्हातारं झालं की तिथनं पाणी शिरतं. लिंक नेमकी तिथं गंजते आणि नेमकी तिथंच सगळ्यात जास्त ताण. हेरल्डचा टर्निंग सर्कल २५ फूट, लंडनच्या टॅक्सीच्या तोडीचा. म्हणजे चाक भरपूर वळतं, आणि पूर्ण वळलेलं असताना जाम ट्रनियन त्या लिंकला पिळतं.

तुटते तेव्हा बहुतेक वेळा पार्किंग करतानाच तुटते. हायवेवर तुटली तर सांगायला कोण राहणार?

अवांतर: लोटस एलानलाही हीच ट्रायम्फची लिंक होती. म्हणजे दुखणं गरीब-श्रीमंत दोघांनाही सारखंच.

उद्यमनगरी
ब्रिस्टलवाले, थिअरी झाली. आता खालचं सांगतो. ट्रनियनच्या बुडाला एक पातळ चकती ठोकून बसवलेली असते, झाकणासारखी. पन्नास-साठ वर्षांत ती सैल होते. तेल घाला आज, उद्या सकाळी फरशीवर डाग, आठवड्यात ट्रनियन कोरडं. तुमचा मेस्त्री खोटं बोलत नाही. ग्रीस निदान बसून तरी राहतंय. कोरड्यापेक्षा ग्रीस बरं की नाही?

माझ्याकडं अशी दोन ट्रनियन येऊन गेली. बुडाची चकती काढून, साफ करून, ब्रेझ करून (पितळेनं सांधून) दिली. मग तेल थांबतं.

आणि एक हात जोडून सांगतो. लिंक गंजली, आटे झिजले म्हणून कुणीतरी माझ्याकडं वेल्डिंग भरून परत आटे पाडायला घेऊन आलेलं. मी केलं नाही. दुसरा कुणीतरी करून देईलच, आमच्या उद्यमनगरात नाही म्हणणारा माणूस शोधावा लागतो. पण असल्या ताणाच्या जागी वेल्डिंग म्हणजे विषय संपला. गनमेटलचं ट्रनियन करून घ्या हवं तर, पोलादी लिंक भरायची नाही.

कटवडा
"नाही म्हणणारा माणूस शोधावा लागतो" हे उद्यमनगरच्या कमानीवर लावा.

सुसंगती_सदा
वाचतेय. आमच्या घरी ॲम्बॅसॅडर होती, तिला पण रॅक होता ना? की बॉक्स?

पद्मिनीपती
ॲम्बॅसॅडरला रॅक अँड पिनियन. पद्मिनीला स्टेअरिंग बॉक्स, वर्म-रोलर (आट्यांचा दांडा आणि त्यात फिरणारा रोलर). आता बॉक्सचा विषय निघालाच आहे तर: बॉक्स गळतो म्हणून त्यात तेलाऐवजी ग्रीस कोंबणारे महाभाग आहेत. मी पण केलेलं. पहिला महिना झकास. मग रोलरनं ग्रीस बाजूला सारलं, ते तिथंच चिकटून राहिलं, मध्ये वर्म कोरडा. स्टेअरिंग सरळ असताना एवढा खेळ आला की गाडी शिवाजी पुलावर आपल्या मर्जीनं चालायला लागली. सील बदललं, ९० नंबर तेल भरलं, झालं.

...हे लिहिता लिहिता लक्षात आलं की मी ब्रिस्टलवाल्यांच्याच बाजूनं बोललो. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) करू का?

कटवडा
राहू दे भावा, आम्ही स्क्रीनशॉट घेतलाय.

रंकाळा_वारा
माझ्याकडं हेरल्ड होती. होती.

संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाऊन निघालो. बायको शेजारी, पोरगी मागं. पदपथाजवळनं गाडी काढायला स्टेअरिंग पूर्ण उजवीकडं घेतलं, वेग म्हणजे चालणाऱ्या माणसाचा. "टक्" असा आवाज आला, सुपारी फुटल्यागत. आणि गाडीचा पुढचा उजवा कोपरा खाली बसला. उतरून बघतो तर चाक आडवं होऊन मडगार्डखाली झोपलेलं. कुणालाही काही झालं नाही. पोरगीची भेळ सांडली, ती त्यासाठी रडली.

तुटलेला तुकडा मी अजून ठेवलाय. तुटलेल्या तोंडाकडं बघितलं तर जवळजवळ सगळा गोल भाग काळपट तपकिरी, जुना गंज. एका कडेला पेन्सिलीच्या शिशाएवढी जागा चकचकीत. म्हणजे एवढ्याशा जागेवर ती किती दिवस उभी होती कोण जाणे. आदल्याच रविवारी आम्ही गगनबावड्याला जाऊन आलेलो. घाटातनं. त्या विचारानं मला अजून कसंतरी होतं.

त्या ट्रनियनला मी नऊ वर्षं ग्रीसच मारत होतो. नियमानं. प्रत्येक सर्व्हिसिंगला. उघडल्यावर खालच्या अर्ध्यात ग्रीस मस्त पिवळं होतं. वरच्या चार-पाच आट्यांत काहीच नव्हतं, लाल भुकटी.

जुना_डेपोवाला
पोर सुखरूप आहे, तेवढं पुरे. हे वाचून मी माझं मत बदलतो. ग्रीस मारलं आणि ग्रीस पोचलं यात फरक आहे. आमच्याकडं नियम होता, जुनं काळं ग्रीस दुसऱ्या टोकानं बाहेर आलं पाहिजे आणि त्यामागनं नवीन दिसलं पाहिजे. तुमच्या ट्रनियनला ते वरच्या तोंडातनं आलेलं कधी बघितलं होतं का?

रंकाळा_वारा
नाही काका. गनचे चार-पाच स्ट्रोक मोजायचो आणि सोडायचो.

ऋजुता_क
थोडं ग्रीसबद्दल, कारण इथं ग्रीस आणि तेल म्हणजे सवती असल्यागत बोलणं चाललंय.

ग्रीस म्हणजे साबणाच्या स्पंजात धरून ठेवलेलं तेल. साधारण ८० ते ९० टक्के तेलच असतं. वंगण तेल करतं, साबण ते फक्त जागेवर धरतो. घट्टपणाचे एनएलजीआय नंबर असतात, ००० पासून ६ पर्यंत. गाड्यांना वापरतात ते बहुधा २ नंबर, साधारण पीनट बटरएवढं घट्ट. ते दाबल्याशिवाय हलत नाही, आणि दाब काढला की थांबतं. बेअरिंगसाठी हा गुण, आट्यांच्या लांब फटीसाठी हाच अवगुण. ०० नंबर मात्र जवळजवळ वाहतं. बुडाची चकती गळतच असेल आणि लगेच दुरुस्ती होणार नसेल तर ०० हा मधला मार्ग आहे. २ नंबर नको.

दुसरं, वेगवेगळ्या जातीचं ग्रीस एकावर एक मारू नका. लिथियमवर बेंटोनाइटचं, म्हणजे मातीच्या जातीचं ग्रीस मारलं तर कधी कधी मिश्रण पातळ होऊन वाहून जातं. आधीचं कुठलं आहे माहीत नसेल तर उघडून धुणं हाच उपाय.

तिसरं, ट्रनियन पितळी आहे, म्हणून गिअर ऑइल निवडताना मी डब्यावर जीएल-४ ही प्रत बघेन. जीएल-५ मधल्या काही गंधकयुक्त मिश्रणांचा पितळ-तांब्याला त्रास होतो.

कटवडा
धाग्यावर आता कोल्हापुरी माणूस चटणी सोडून पीनट बटरच्या भाषेत बोलायला लागला. दिवस वाईट आलेत.

ऋजुता_क
बरं. २ नंबर म्हणजे दाबून बसवलेलं श्रीखंड, ०० म्हणजे आमरस. आता समजलं?

कटवडा
आत्ता कसं!

शाहूपुरी_वर्षाव
पुराच्या गाड्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. २०१९ च्या ऑगस्टात आमची जीप दोन दिवस पाण्यात होती. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी तिच्या कितीतरी वर गेलं होतं, सगळ्यांनाच आठवत असेल. पाणी उतरल्यावर इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळ्याचं तेल बदललं. स्टेअरिंगचा बेलक्रँक आणि पुढचे नकल विसरलो. चार महिन्यांनी उघडले तर ग्रीस लोण्यात राख कालवल्यागत, करडं आणि पातळ, बोटावर घेतलं तर पाणी सुटत होतं. बेअरिंग गेलेली. गाडी ॲक्सलभर पाण्यातनं गेली तरी घरी आल्यावर सगळीकडं नवीन ग्रीस मारायचं, हे तेव्हापासनं पाळतो. २०२१ ला तेच केलं, काही झालं नाही.

मावळतीचा_माळी
या निमित्तानं एक शंका. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक मोटार बाहेर निघते, तिचं ग्रीसिंग कोण करत असेल?

पद्मिनीपती
जो कोण करत असेल त्याच्या खिशात फडकं असणार एवढं नक्की.

हेरल्ड_६८
मंडळी, दोन आठवडे गायब होतो, माफी. काकांच्या पद्धतीनं टायरॉड एंड सोडवले. उजवं चाक एका बोटानं फिरतंय. डावं दोन्ही हातांनी, आणि मध्येच अडकतंय. रॅक निर्दोष. म्हणजे गुन्हेगार डावं ट्रनियन.

हेरल्डचं एक सुख म्हणजे अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढं उलटतं. टायरवर बसून काम करता येतं. मेस्त्री आणि मी मिळून डावी लिंक ट्रनियनसकट काढली. बोल्ट निघता निघेना, त्याचंच काम तीन तास. ट्रनियन व्हाइसमध्ये धरून लिंक फिरवली तर आधी हललीच नाही, मग करकरत निघाली. खालचे आटे काळ्या, मेणासारख्या ग्रीसनं भरलेले. नखानं काढलं तर वडी निघाली, आट्यांचा ठसा असलेली. वरचे आटे, रंकाळा_वारा यांनी सांगितलं तसेच. लाल. पुसल्यावर गंजाचे खड्डे दिसले.

मेस्त्रींनी लिंक हातात घेतली, चष्मा वर केला, खड्ड्यांवरनं नख फिरवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुस्तकवाल्यानं गाडी चालवली हुती म्हणायची."

रंकाळा_वारा
ती लिंक परत बसवू नका. कितीही बारीक खड्डा असू दे.

हेरल्ड_६८
नाही बसवणार. लिंक आणि ट्रनियनची नवीन जोडी मागवली, सील सकट. घासाघीस न करता घेतली, कोल्हापुरी असून.

ब्रिस्टलचा_कोल्हापुरी
बसवताना एक लक्षात ठेवा. लिंक ट्रनियनमध्ये पूर्ण आत फिरवायची आणि मग बसवायच्या स्थितीपर्यंत उलटी सोडायची, एका आट्याच्या आतच. पूर्ण आवळून बसवली तर एका बाजूला वळताना ती तळाला टेकेल आणि परत तोच पीळ. आणि उजवं हलकं फिरतंय म्हणून सोडू नका, तेही उघडून बघा.

तेल घालायला ट्रनियनवरचा छोटा प्लग काढून निप्पल लावायचं, चाक उचललेलं ठेवायचं, आणि वरच्या सीलजवळ तेल दिसेपर्यंत भरायचं. मध्ये मध्ये स्टेअरिंग या टोकापासनं त्या टोकापर्यंत फिरवायचं. लिव्हर गनमध्ये तेल भरलं तर ती सगळीकडनं गळते, छोटी दाबायची गन वेगळी ठेवा.

जुना_डेपोवाला
झाल्यावर कॅसल नटांना नवीन स्प्लिट पिना. जुनी सरळ करून परत घालायची नाही. आणि टायरॉड एंड सोडवलेत, तर टो-इन (पुढच्या चाकांचा आतल्या बाजूचा कल) तपासून घ्या.

हेरल्ड_६८
काल संध्याकाळी डावी बाजू जोडून झाली. पिना नवीन, काका. मेस्त्रींनी तेलासाठी दुसरी गन आणली आणि तिच्यावर पांढऱ्या रंगानं "तेल" लिहिलं, पोरांनी चुकून ग्रीस भरू नये म्हणून. वरच्या सीलमधनं तेलाचा पहिला थेंब आला तेव्हा आम्ही दोघं टायरवर बसून बघत होतो. महाद्वार रोडपर्यंत चक्कर मारली. वळण घेऊन हात सोडला की स्टेअरिंग आपण होऊन सरळ येतंय. बाबांच्या वेळी असं यायचं, मी विसरलो होतो.

आज सकाळी उजवी बाजू उघडली. आटे ठीक आहेत, खड्डे नाहीत. धुऊन, नवीन सील घालून, तेल भरून जोडली. दुपारी बघतो तर उजव्या चाकाखाली फरशीवर रुपयाएवढा डाग. मेस्त्रींना फोन केला. पलीकडनं एवढंच आलं, "म्हटलं न्हवतं? थांबत न्हाई त्यात."

उद्यमनगरी
चकती. सोमवारी ट्रनियन काढून घेऊन ये. येताना मेस्त्रींना पण आण, चहा घेऊ.